रिकामी खुर्ची, भरलेलं मैदान

भरवेली म्हटलं की मँगनीज. बालाघाट शहराला जवळजवळ खेटून असलेली इथली भूमिगत खाण आशियातली सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते आणि तिचा कारभार पाहणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय आहे नागपुरात. राजकारणातही भरवेलीची वाट बराच काळ नागपूरलाच जायची. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट, भंडारा आणि नागपूर हे सगळे जिल्हे एकाच मध्य प्रदेशात होते आणि विधानसभा भरायची नागपुरात. त्यामुळे पोटनिवडणुकांचे किस्से भरवेलीत बसून सांगायचे तर वाघ नदीच्या दोन्ही काठांवर फिरावं लागतं. मध्येच लंडनलाही डोकावून यावं लागतं, कारण ही सगळी रीत तिथून आली.

सार्वत्रिक निवडणुकीत शेकडो जागांच्या गर्दीत एकेका जागेची गोष्ट हरवून जाते. पोटनिवडणुकीत सगळा उजेड एकाच खुर्चीवर पडतो. मतदान गुप्त असणं, देवाचं नाव न घेता शपथ घेता येणं, धर्मामुळे कुणाला सभागृहाबाहेर न ठेवणं, या आज आपल्याला अगदी साध्या वाटणाऱ्या गोष्टी एकोणिसाव्या शतकातल्या अशाच एकेका रिकाम्या खुर्चीशी जोडलेल्या आहेत. म्हणून हा चटपटीत फेरफटका मला मनापासून मोलाचा वाटतो.

जागाच नाही, तर रिकामी काय होणार?

बालाघाट जिल्हा १८६७ चा. त्या काळी इथल्या माणसाला कायदेमंडळात आपला प्रतिनिधी पाठवायची सोयच नव्हती. मध्य प्रांतावर चीफ कमिशनरचा अंमल, आणि कायदे व्हायचे थेट कलकत्त्यात. १८८३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने जिल्हा कौन्सिलं आली, पण ती रस्ते, शाळा, दवाखाने यांच्यापुरती. १८९२ च्या कायद्यानंतर नागपूरचे गंगाधरराव चिटणवीस व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसले. प्रांताचं स्वतःचं कायदेमंडळ भरलं १९१४ मध्ये. बालाघाट, भंडारा, बैतूल, छिंदवाडा या सगळ्या मुलखाचं गाऱ्हाणं तोवर कलकत्त्यात मांडायचं कुणी, तर चिटणवीसांसारख्या एखाद्याच माणसाने.

आता तो १८९२ चा कायदा कुठून आला, ते पाहा. त्याची एक मुळी पोहोचते इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टन या गावी, आणि तिथल्या एकाच माणसाच्या तीन पोटनिवडणुकांपर्यंत.

एक माणूस, एक जागा, तीन पोटनिवडणुका

चार्ल्स ब्रॅडलॉ नास्तिक. तेही घरात बसून नव्हे, भर सभेत सांगणारे. १८८० मध्ये ते नॉर्दॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आले. खासदाराने बायबलावर हात ठेवून शपथ घ्यायची असा नियम होता. ब्रॅडलॉ म्हणाले, मी नुसती प्रतिज्ञा करतो. सभागृह बिथरलं. त्यांना काही काळ घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीतही ठेवलं. आपण ज्याला बिग बेन म्हणतो तोच हा मनोरा. पुढे प्रतिज्ञा करून ते बसू लागले, तेव्हा कोर्टाने ती प्रतिज्ञा बेकायदा ठरवली आणि जागा रिकामी झाली.

१८८१ मध्ये पोटनिवडणूक. लोकांनी ब्रॅडलॉंनाच निवडलं. पुन्हा आत घेईनात. ऑगस्टमध्ये तर त्यांना धरून, ओढून सभागृहाबाहेर काढण्यात आलं. फेब्रुवारी १८८२ मध्ये ते सरळ टेबलापाशी गेले, खिशातून पुस्तक काढलं आणि स्वतःच स्वतःला शपथ दिली! हकालपट्टी झाली. मार्चमध्ये पोटनिवडणूक, पुन्हा ब्रॅडलॉ. १८८४ मध्ये आणखी एक पोटनिवडणूक, परत तेच. १८८५ च्या सार्वत्रिक निवडणुकीतही नॉर्दॅम्प्टनकर बधले नाहीत. शेवटी जानेवारी १८८६ मध्ये नव्या अध्यक्षांनी कुणाचंही न ऐकता त्यांना शपथ घेऊ दिली. १८८८ मध्ये ब्रॅडलॉंनीच नवा शपथ कायदा मंजूर करून घेतला. ज्याला देवाचं नाव घ्यायचं नाही त्याने प्रतिज्ञा करावी, ही मुभा सर्वांना मिळाली.

आज मुंबईत किंवा भोपाळमध्ये आमदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. ही निवड आपल्याला राज्यघटनेने दिली आहे, पण तिची लढाई नॉर्दॅम्प्टनच्या चांभारांनी आणि कारागिरांनी लढली होती. ते गाव जोडे बनवणाऱ्यांचं. अडवलं तरी आम्ही हाच माणूस पाठवणार, असं त्यांनी मतपेटीतून तीनदा ठणकावून सांगितलं.

ब्रॅडलॉंना पार्लमेंटमध्ये ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. डिसेंबर १८८९ मध्ये ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले. त्या अधिवेशनाची गंमत अशी की १८८९ साली प्रतिनिधीही बरोबर १८८९ जमले होते! परत जाऊन ब्रॅडलॉंनी हिंदी कौन्सिलांच्या सुधारणेचं विधेयक मांडलं. ते पास झालं नाही, पण सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि त्यातून १८९२ चा कायदा आला. तो पाहायला ब्रॅडलॉ हयात नव्हते. जानेवारी १८९१ मध्ये ते वारले. लंडनमधले अनेक हिंदी विद्यार्थी अंत्ययात्रेला गेले, आणि त्यांत कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण होता, मोहनदास गांधी.

एका वाक्याने घडवलेला खासदार

त्याच अधिवेशनाचे अध्यक्ष होते विल्यम वेडरबर्न. मुंबई इलाख्यात मुलकी अधिकारी आणि न्यायाधीश म्हणून हयात घालवलेला माणूस. कर्जात बुडालेल्या दख्खनच्या शेतकऱ्यासाठी शेतकी बँक काढावी म्हणून धडपडलेला. निवृत्तीनंतर ते पार्लमेंटमध्ये कसे गेले? १८९३ च्या पोटनिवडणुकीतून. स्कॉटलंडमधल्या बॅनफशरच्या खासदाराला ऑस्ट्रेलियात गव्हर्नर करून पाठवलं, जागा मोकळी झाली आणि वेडरबर्न निवडून आले. मग हिंदुस्थानच्या प्रश्नांसाठी पार्लमेंटमध्ये खासदारांची जी समिती झाली, तिचं अध्यक्षपद त्यांनीच सांभाळलं.

दादाभाई नौरोजींची कहाणी याहून चुरचुरीत आहे. १८८६ मध्ये ते लंडनच्या हॉबर्न मतदारसंघात कर्नल डंकन यांच्याकडून हरले. १८८८ मध्ये डंकन वारले आणि तिथे पोटनिवडणूक लागली. दादाभाई या वेळी उभेच नव्हते. जागा हुजूर पक्षाने राखली, पण मताधिक्य घसरलं. ते का घसरलं याचा खुलासा करताना पंतप्रधान सॉल्सबरी एडिंबरोच्या सभेत बोलून गेले की मागच्या खेपेला समोर एक काळा माणूस होता, म्हणून आमची मतं जास्त दिसली. झालं! सगळ्या इंग्लंडमध्ये गदारोळ उठला. दादाभाईंचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं त्यांनाही ते पाठ झालं. वर्तमानपत्रांनी तर लिहिलं की दादाभाई सॉल्सबरींपेक्षा गोरे आहेत. चार वर्षांनी, १८९२ मध्ये, दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले. ज्या पोटनिवडणुकीत ते उमेदवारही नव्हते, तिने त्यांचा जेवढा प्रचार केला तेवढा क्वचितच कुणी केला असेल.

मंत्री झालात? मग आधी खासदारकी सोडा

आपल्याकडे मंत्री झालेल्याला सहा महिन्यांत सभागृहाची जागा मिळवावी लागते. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये उलटं होतं. खासदार मंत्री झाला की त्याची जागा तत्काळ रिकामी! राजाचा पगार घेणारा माणूस लोकांचा प्रतिनिधी कसा राहील, अशी शंका. म्हणून त्याने मतदारांकडे पुन्हा जाऊन कौल घ्यायचा. हा नियम १९२६ पर्यंत टिकला. बहुतेक वेळा मंत्री बिनविरोध परत यायचे. पण कधी कधी गाडी रुळावरून घसरायची.

१८२८ मध्ये आयर्लंडमधल्या क्लेअरचे खासदार फिट्झजेरल्ड मंत्री झाले. लोकप्रिय जमीनदार, कुळांशी बरं वागणारे. त्यांना कोण हरवणार? समोर उभे राहिले डॅनियल ओकॉनेल. कॅथलिक. कायदा असा की कॅथलिक माणूस निवडणुकीला उभा राहू शकतो, पण पार्लमेंटमधली शपथ कॅथलिक धर्माविरुद्ध असल्यामुळे बसू शकत नाही. मतदान तेव्हा उघड, जमीनदाराच्या डोळ्यांदेखत. तरीही कुळांनी ओकॉनेलना दुपटीहून जास्त मतं दिली. सरकार हादरलं. आयर्लंड पेटेल या भीतीने १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंट खुलं झालं. ओकॉनेल आत जायला निघाले, तर म्हणे तुम्ही कायद्याच्या आधी निवडून आलात, जुनीच शपथ घ्या. त्यांनी साफ नकार दिला. मग त्याच जागेसाठी आणखी एक पोटनिवडणूक, ती मात्र बिनविरोध. त्याच कायद्याच्या जोडीने सरकारने आयर्लंडमधल्या गरीब कुळांचा मताधिकार काढून घेतला. त्यांनी आपल्या नेत्यासाठी दार उघडलं, आणि त्यांच्या तोंडावर ते बंद झालं. हे वाचलं की मला आजही संताप येतो.

पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टननाही या नियमाने गोत्यात आणलं. डिसेंबर १८४५ मध्ये ते वसाहत मंत्री झाले, जागा गेली, आणि ज्या उमरावाच्या आधारावर ते निवडून यायचे त्याच्याशी धान्यकरावरून बिनसलं होतं. दुसरी जागा मिळेना. शतकातला सर्वांत मोठा वाद, धान्यकर रद्द करण्याचा, पार्लमेंटमध्ये गाजत होता आणि मंत्री ग्लॅडस्टन त्यात एक शब्द बोलू शकत नव्हते!

मतपेटीला मिठाईचा शिक्का

गुप्त मतदानाचा कायदा ब्रिटनमध्ये १८७२ चा, आणि पहिली गुप्त पार्लमेंटरी निवडणूक हीसुद्धा पोटनिवडणूकच. यॉर्कशरमधलं पाँटिफ्रॅक्ट, १५ ऑगस्ट १८७२. आपल्या ओळखीची तारीख! चिल्डर्स नावाचे गृहस्थ मंत्री झाले म्हणून जागा रिकामी. तोवर मत म्हणजे चौथऱ्यावर चढून मोठ्याने नाव सांगायचं, खाली दारूचे पिंप आणि धक्काबुक्की. या खेपेला लोक एकेक करून आत गेले, चिठ्ठीवर खूण केली, पेटीत टाकली, बाहेर आले. गाव इतकं शांत राहिलं की पाहायला आलेल्यांना निवडणूक चालू आहे हे पटेना.

मतपेटी बंद तर केली, पण मोहोर कशाची मारायची? पाँटिफ्रॅक्ट ज्येष्ठमधाच्या काळ्या गोल वड्यांसाठी प्रसिद्ध. त्या वड्यांवर किल्ला आणि घुबड उमटवायचा जो शिक्का कारखान्यात असायचा, तोच आणला आणि लाखेवर दाबला. ती पेटी आजही तिथल्या संग्रहालयात आहे, लाखेवर किल्ला-घुबड तसंच.

आपल्याकडे यंत्रं आली तरी लाख सुटलेली नाही. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष मेणबत्ती पेटवतो, लाखेची कांडी वितळवतो, पेटीच्या दोऱ्याच्या गाठीवर थेंब पाडतो आणि धातूचा शिक्का दाबतो. उमेदवारांचे प्रतिनिधी डोळ्यांत तेल घालून पाहतात. बालाघाट-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात लाखेचं पीक पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडांवर येतं, त्यामुळे इथल्या एखाद्या केंद्रावरची लाख इथल्याच झाडावरची निघाली तर नवल नको.

राजीनामा? तो कसा देतात?

ब्रिटिश खासदाराला राजीनामा देताच येत नाही. १६२४ च्या ठरावापासून ही बंदी आहे. मग सुटायचं कसं? राजाची पगारी नोकरी पत्करली की जागा आपोआप जाते. म्हणून चिल्टर्न टेकड्यांमध्ये दरोडेखोरांवर लक्ष ठेवणाऱ्या कारभाऱ्याचं पद मागायचं. दरोडेखोर केव्हाच संपले, काम शून्य, पण पद शिल्लक. असंच दुसरं एक पद नॉर्थस्टेडचं, आणि ही दोन पदं आलटून पालटून देतात. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक पोटनिवडणुका या नावापुरत्या कारभाऱ्यांमुळे झाल्या, आजही होतात. आपल्याकडे अध्यक्षांना लेखी राजीनामा द्यायचा आणि त्यांनी तो स्वीकारला की झालं.

अटलांटिकपलीकडे, पटापट

अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स पद सोडल्यावर साधे प्रतिनिधी म्हणून सभागृहात परतले आणि १८४८ मध्ये सभागृहातच कोसळले. दोन दिवसांनी सभापतींच्या दालनात त्यांनी प्राण सोडला. त्यांच्या रिकाम्या जागी निवडून आले होरेस मान, अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांचे जनक.

ओहायोचे जोशुआ गिडिंग्ज यांनी १८४२ मध्ये गुलामगिरीविरुद्ध ठराव मांडले म्हणून सभागृहाने त्यांचा निषेध केला. त्यांनी तडक राजीनामा दिला, गावी जाऊन पोटनिवडणूक लढवली आणि प्रचंड मतांनी जिंकून त्याच खुर्चीत येऊन बसले. १८५६ मध्ये हीच युक्ती उलट्या बाजूनेही वापरली गेली. दक्षिणेच्या प्रेस्टन ब्रुक्सने गुलामगिरीविरोधी सिनेटर सम्नरना काठीने रक्तबंबाळ केलं, राजीनामा दिला, आणि त्याच्याही मतदारांनी त्याला परत पाठवलं. मतदारांचा कौल ज्याच्या त्याच्या गावाचा असतो, हे कटू असलं तरी खरं आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत भावते ती १८७० ची दक्षिण कॅरोलिनातली पोटनिवडणूक. जागा भ्रष्टाचाराच्या प्रकरणामुळे रिकामी झाली होती. निवडून आले जोसेफ रेनी, जन्माने गुलाम, व्यवसायाने न्हावी. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

मेहतांची जागा, गोखल्यांचं भाषण

आता परत मायदेशी. १८९२ च्या कायद्यातली निवडणूक म्हणजे मूठभरांचा कौल, तोही सरकारला शिफारस म्हणून. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मध्य भागातल्या लोकल बोर्डांच्या मतांवर मुंबईच्या कौन्सिलात गेले, १८९७ मध्ये पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षी राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली. कायदेमंडळाचा सभासद थेट तुरुंगात!

१९०१ मध्ये फिरोजशहा मेहता तब्येतीमुळे व्हाइसरॉयच्या कौन्सिलातून बाजूला झाले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना पत्र लिहून ती जागा मागितली. मेहतांनी पाठिंबा दिला. मार्च १९०२ मध्ये गोखले अंदाजपत्रकावर पहिलं भाषण करायला उभे राहिले. सरकार शिल्लक दाखवून पाठ थोपटून घेत होतं, आणि रयत दुष्काळात होरपळत असताना ही शिल्लक तिच्याच खिशातून काढलेली आहे, हे गोखल्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. देशभर नाव झालं. पुढे मरेपर्यंत, १९१५ पर्यंत, ती खुर्ची त्यांचीच.

बाबासाहेब: एक रिकामी जागा मिळाली, एक निसटली

१९४६ मध्ये डॉ. आंबेडकर घटना समितीवर निवडून आले ते बंगालमधून. फाळणी झाली आणि ती जागाच गेली. त्याच सुमारास मुंबई प्रांतातून निवडून आलेल्या बॅ. मुकुंदराव जयकरांनी राजीनामा दिला होता. राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेरांना ३० जून १९४७ रोजी पत्र लिहिलं की आंबेडकर समितीत हवेतच. जुलैमध्ये ते जयकरांच्या रिकाम्या जागेवर निवडून आले, आणि २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली, अध्यक्ष आंबेडकर. जयकरांची खुर्ची रिकामी नसती तर? हा प्रश्न मनात आला की पोटनिवडणुकीला कुणी किरकोळ म्हणू नये असं वाटतं.

दुसरी जागा भंडाऱ्याची. भरवेलीहून गोंदिया तासाभराच्या वाटेवर, आणि गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. १९५२ मध्ये भंडारा लोकसभेत दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. मतदान-कोठडीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं; मतपत्रिकेवर काही खूण करायची नाही, नुसती हव्या त्या पेटीत टाकायची. काँग्रेसचे चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे जिंकले. पण निवडणुकीवर अर्ज झाला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

त्या खटल्यात दोन गोष्टी अशा निघाल्या की सगळा पूर्व विदर्भ त्यांत दिसावा. पहिली बिडी. जसानी ज्या मुलजी सिक्का कंपनीचे भागीदार होते, तिचा बिड्यांचा मोठा धंदा. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, वाळवून पोतं भरायचं. मग पान भिजवून पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळकटी, टोक मुडपायचं, दोरा. घराघरांत बायका हे काम करायच्या. या बिड्या लष्कराच्या कँटीनला पुरवायचा करार होता, म्हणजे सरकारशी धंदा, म्हणजे उमेदवारीला अपात्र. दुसरी गोष्ट महानुभाव पंथाची. राखीव जागेसाठी गंगाराम थवरे यांचा अर्ज फेटाळला गेला होता. ते महानुभाव झाले, मग महार राहिले नाहीत, असा आक्षेप होता. ९ फेब्रुवारी १९५४ ला निकाल आला, आणि तो लिहिला होता न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, जे आधी नागपूरच्या हायकोर्टात होते. बिड्यांच्या करारामुळे जसानी अपात्र. आणि पंथ बदलला तरी थवरे आपल्या जातीचेच राहिले, म्हणून अर्ज फेटाळणं चूक. लीळाचरित्राचा पंथ सुप्रीम कोर्टाच्या निकालात असा नोंदला गेला!

दोन्ही जागा रिकाम्या. पोटनिवडणुकीत समाजवादी नेते अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर, तर बाबासाहेब राखीव जागेवर उभे राहिले. मेहता जिंकले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. लोकसभेची ती त्यांची शेवटची लढत. राज्यघटनेचा शिल्पकार लोकसभेत बसावा, एवढी मतं या पट्ट्याने दिली नाहीत, याची खंत या भागात लिहिणाऱ्या माणसाने लपवू नये.

भावाच्या जागी बहीण, पत्नीच्या जागी पती

१९६७ मध्ये ईशान्य मुंबईत स. गो. बर्वे यांनी माजी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना हरवलं आणि काही दिवसांतच बर्वे वारले. पोटनिवडणुकीत मेनन पुन्हा उभे राहिले. समोर बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे. मेनन पुन्हा हरले! एकाच वर्षात एकाच मतदारसंघात आधी भावाकडून, मग बहिणीकडून.

यशवंतराव चव्हाण दिल्लीत संरक्षणमंत्री झाले तेव्हा नाशिकने १९६३ मध्ये त्यांना बिनविरोध पाठवलं. १९९१ मध्ये बारामतीत पुतण्या अजित पवार यांनी जागा सोडली आणि काका शरद पवार पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेले.

हीच चाल छिंदवाड्यात मात्र उलटली. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख ज्यात येतो तो हा मतदारसंघ. १९९६ मध्ये कमलनाथांच्या पत्नी अलका नाथ जिंकल्या, मग जागा सोडली आणि १९९७ च्या पोटनिवडणुकीत कमलनाथ उभे राहिले. सुंदरलाल पटवांनी त्यांना हरवलं. छिंदवाड्यात कमलनाथ हरले ते तेवढ्या एकदाच.

बालाघाटची एक पोटनिवडणूक मात्र दुःखाची. १५ डिसेंबर १९९९ रोजी मध्य प्रदेशचे परिवहनमंत्री आणि किरनापूरचे आमदार लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी त्यांच्याच गावी हत्या केली. जागा मोकळी होण्याची याहून वाईट रीत नाही. त्यांच्या कन्या हिना कावरे पुढे लांजीतून आमदार झाल्या आणि २०१९ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेच्या उपाध्यक्ष.

ऊन, नोटा आणि पुण्याची खुर्ची

२८ मे २०१८, भंडारा-गोंदियात लोकसभेची पोटनिवडणूक. खासदार नाना पटोले यांनी राजीनामा दिलेला. मे महिन्याच्या टोकाला या भागात पोटनिवडणूक ठेवणाऱ्याला इथलं ऊन ठाऊक नसावं. व्हीव्हीपॅट यंत्रं ठिकठिकाणी बंद पडली, लोक रांगेत तिष्ठले, आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. मधुकर कुकडे जिंकले. दोन दोनदा बोटाला शाई लावायला उन्हात गेलेल्या त्या मतदारांचं कौतुक कुणी फारसं केलं नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरी पूर्वला ऋतुजा लटके जिंकल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता, होता ‘नोटा’, १२,८०६ मतं घेऊन.

लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, रिकामी जागा सहा महिन्यांत भरा. मुदत वर्षाहून कमी उरली असेल किंवा निवडणूक आयोगाला अडचण असेल तर सूट. खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला वारले. पुण्यात पोटनिवडणूक झालीच नाही. मुंबई हायकोर्टाने डिसेंबरमध्ये आयोगाला खडसावून निवडणूक घ्या म्हटलं, जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि लाखो मतदारांचं शहर जून २०२४ पर्यंत लोकसभेत खासदाराविना राहिलं. ‘अडचण’ हा शब्द कायद्यात इतका मोकळा ठेवू नये. अडचण कोणती आणि ती किती दिवसांत लेखी कळवणार, एवढं तरी त्या कायद्याच्या कलम १५१अ मध्ये लिहून घ्यायला हवं.